बाकावरचे अकरा वाचक

४ फेब्रुवारी

टिटवे,

आशीर्वाद घे आणि बूड टेकून बस, पत्र लांबलचक आहे. (मी "स्वस्थ बस" सुचवलं होतं. ऐकलं नाही. — लेखनिक)

फोन का नाही केला म्हणून विचारू नकोस. फोनवर तू "हो आजी, हो आजी" म्हणतेस आणि मागे तुझी बोटं टकटक टकटक दुसऱ्याच कुणाला तरी उत्तर देत असतात. पत्र वाचताना निदान तुझे दोन्ही हात माझ्या ताब्यात राहतात.

लिहून घेतायत आपले काना-मात्रा. तुझ्याच पेपरात तीस वर्षं मुद्रितशोधक होते. छापायच्या आधी चुका पकडायचे. मग चुका कॉम्प्युटर पकडेल म्हणून यांना घरी बसवलं. घरात बायको यांच्या चुका पकडायला लागली, तेव्हा हे उठून माझ्या स्टॉलसमोरच्या बाकावर आले ते आजतागायत तिथेच. (अतिशयोक्ती. — लेखनिक)

तर मुद्द्याचं. काल पेपरच्या गाडीचा ड्रायव्हर गठ्ठा टाकताना म्हणाला, "मावशी, आपला पेपर विकला."

म्हटलं, "मग? मी रोजच विकते."

म्हणाला, "तसा नाही हो. अख्खी कंपनी विकली. रंगवाल्यांनी घेतली."

रंगवाले म्हणजे तेच, जे भिंतींचे रंग बनवतात, विमा उतरवतात आणि टीव्हीवर तीन ठिकाणी तीन वेगवेगळी माणसं ओरडत असतात तीही त्यांचीच. ड्रायव्हर म्हणाला, आता लहान गावांच्या आवृत्त्या बंद होणार, सगळं फोनवर.

मला अक्षर येत नाही, पण पेपर येतो. अडतीस वर्षं पाच पेपर विकले, एकाच्या हातात दुसऱ्याचा कधी दिला नाही. कुणाचं नाव बुटकं, कुणाच्या नावाखाली रेघ, कुणाच्या शाईनं अंगठा काळा होतो, सगळं पाठ. त्या पाचातले चार गेले. उरला तुमचा एक, आणि तोही इतका वाळलाय की वर दगड ठेवला नाही तर बसस्टँडवर जाऊन स्वतःच गाडी पकडेल.

इकडे तुझ्या बापाच्या अंगात उत्साह संचारलाय. चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमधली छोटी खोली त्यानं माझ्यासाठी रंगवून घेतली. मला न विचारता. रंग त्याच रंगवाल्यांचा. म्हणतो, "आई, पेपर बंद झाला की स्टॉल बंद, स्टॉल बंद झाला की तू इकडे." सूनबाई वाईट नाही, खोली वाईट नाही, लिफ्टही आहे. पण दिवसभर तिथे दोघंही कामावर, आणि मी बोलणार कुणाशी? लिफ्टशी? ती तर दार उघडते आणि लगेच मिटते, तुझ्यासारखी.

तेव्हा ताकास तूर लागू न देता गोड गोड लिहू नकोस. पेपर राहतोय की जातोय, एवढं सांग. मला माझ्या स्टॉलवरून उठायचं नाही.

तुझी आजी


१२ फेब्रुवारी

आजी, नमस्कार. काकांनाही नमस्कार, पत्र तुम्हीच वाचून दाखवताय हे मला माहीत आहे, आणि बाकावरचे सगळे ऐकतायत हेही.

काळजी करू नकोस. काही बंद होत नाहीये. नव्या मालकांना पेपर "नव्या काळात न्यायचा" आहे, एवढंच. माझं कामसुद्धा तेच आहे: वाचक काय वाचतात, किती वाचतात ते बघायचं. माझे साहेब दिवसभर एका मोठ्या पडद्यावरचे चढ-उतार बघत बसतात. आम्ही त्यांना ग्राफसाहेब म्हणतो. (काका, हे नाव बाहेर जाऊ देऊ नका.)

पुढचे काही आठवडे प्रत्येक गावाची आवृत्ती ॲपवर मोजली जाणार. म्हणजे कुठली बातमी किती वेळ उघडी राहते ते मशीन मोजतं. जिथले वाचक पानावर जास्त वेळ थांबतील, त्या आवृत्तीची काळजी करायची गरज नाही. तर काळजी न करता तू फक्त तुझ्या गिऱ्हाइकांना आमचं ॲप घ्यायला सांग.

आणखी एक गंमत. तुमच्या गावच्या पानावर आता अर्ध्या बातम्या बातमीदार बाई लिहितात आणि अर्ध्या एक मशीन लिहितं. आपलं आपण! खूप हुशार आहे.

काळजी नको. मी आहे ना.

तुझी टिटवी


२० फेब्रुवारी

टिटवे,

एका पत्रात चार ठिकाणी काळजी. काना-मात्रांनी मोजली. ज्या दिवशी तुमच्या पेपरात चार ठिकाणी "परिस्थिती नियंत्रणात" असं येतं, त्या दिवशी मी जास्तीचा गठ्ठा मागवते. त्यामुळे मला काय समजायचं ते समजलं. तू काहीतरी पदराआड ठेवतेयस. ठेव. मी वाट बघीन.

आता तुझ्या मोजणीबद्दल. कोण किती वेळ थांबतो हे मी अडतीस वर्षं मोजतेय, फक्त उलट्या बाजूनं. फुकट वाचणारा उभा राहिला की दीड मथळ्याला मी खोकते. दुसऱ्या खोकल्याला माणूस एकतर विकत घेतो नाहीतर निघतो. आणि तुमच्या कंपनीला माणूस थांबलेला हवा! आधी सांगितलं असतंस तर माझा घसा वाचला असता.

असो. तू म्हणालीस म्हणून काना-मात्रांच्या फोनवर ते ॲप घेतलं. तसंही आता पेपर कुठे लांब छापतात, गाडी यायला दहा वाजतात. तोवर बाकावरची मंडळी काय एकमेकांची तोंडं वाचणार? म्हणून आठ वाजता फोनचं वाचन सुरू केलंय. फोन मध्ये, भोवती अकरा माणसं. निवृत्त कंट्रोलर आहेत, ज्यांनी बसस्टँडवर पस्तीस वर्षं शिट्टी मारली आणि अजून बोलतानाही तशीच मारतात. सलूनवाला आहे. दोघी जावा आहेत, ज्या घरी एकमेकींशी बोलत नाहीत आणि इथे शेजारी बसतात. बाकीचे तुला माहीत आहेत. एकूण नऊ चष्मे, त्यातले कामाचे दोन. फोनवरचं अक्षर म्हणजे मुंगीनं काढलेलं. म्हणून काना-मात्रा मोठ्यानं वाचतात, बाकीचे ऐकतात आणि मी मध्ये मध्ये बोलते. (मध्ये मध्ये वाचतो तो मी. — लेखनिक)

तुझं काम चोख चालू आहे. ग्राफसाहेबांना सांग.

आजी


३ मार्च

आजी!!

आज ऑफिसात काय झालं ऐक. तुमच्या गावात एक वाचक आहे. एकच, पण काय वाचक! आमच्या सगळ्या आवृत्त्यांमध्ये मिळून माणूस एका बातमीवर सरासरी चाळीस सेकंद थांबतो. हा पठ्ठ्या एका बातमीवर बावन्न मिनिटं थांबला. बावन्न! ग्राफसाहेब खुर्चीतून उठले. ते उठले हे बघायला बाकीचा मजला उठला.

आम्ही त्याचं नाव "गूढ वाचक" ठेवलंय. त्याचं वर्णन तयार करायचं काम माझ्याकडे आलं. सगळ्यांच्या मते वय पंचवीस ते चौतीस, पुरुष, एकटा राहणारा, महत्त्वाकांक्षी, विचार खोल. एकजण म्हणाला, स्पर्धा परीक्षा देत असेल. मी त्यावर मोठं सादरीकरण केलं, टाळ्या मिळाल्या. साहेब म्हणाले, "हा माणूस आपलं भविष्य आहे."

आणि मजा म्हणजे हा थांबतो कशावर? मशीननं लिहिलेल्या बातम्यांवर! बातमीदार बाईंच्या बातम्या दोन मिनिटांत बंद. बावन्न मिनिटं थांबला ती बातमी होती तुमच्या समुद्रकिनाऱ्यावर झालेल्या गर्दीची.

तुझ्या ओळखीत आहे का गं असा कुणी तरुण?

टिटवी

ता. क. आपल्या गावाला समुद्र आहे का? मला आठवत नाही.


९ मार्च

टिटवे,

आहे ओळखीत. चांगली जवळची ओळख आहे. तो महत्त्वाकांक्षी, एकटा राहणारा, खोल विचारांचा पुरुष म्हणजे मी.

म्हणजे आम्ही. अकराजण आणि एक फोन. वय पंचवीस ते चौतीस हे कशावरून काढलंत? उरलेल्या दातांवरून असेल तर बरोबर आहे.

तुझं पत्र वाचल्यावर कंट्रोलर दोन दिवस केस विंचरून येतायत. सलूनवाला म्हणतो, भविष्याला दाढी फुकट. थोरली जाऊ धाकटीला काही न बोलता नुसती बघून हसली; धाकटी म्हणाली, "बघा, हिला कुणी मला खोल म्हटलेलं पचतच नाही."

आता त्या समुद्राचं. टिटवे, तू इथे सहा वर्षं शाळेत गेलीस. इथे समुद्र कुठून येणार? सर्वांत मोठं पाणी म्हणजे पाण्याची टाकी, तीही फुटकी. तुमच्या हुशार मशीननं लिहिलं, "सुट्टीमुळे येथील समुद्रकिनारा पर्यटकांनी फुलून गेला." काना-मात्रांनी वाचलं आणि ते थांबले. बाक थांबला. मग कंट्रोलर म्हणाले, "मला पस्तीस वर्षांत कुणी कळवलं नाही. मी किनाऱ्याला एक बस लावली असती."

तिथून जे सुरू झालं! समुद्र ठेवायचा कुठे यावरच अर्धा तास गेला. सलूनवाल्याचं म्हणणं बसस्टँडच्या मागे, तिथे जागा रिकामी आहे. थोरली जाऊ म्हणाली, मागे नको, वाळवण खारट होईल. मी म्हटलं, चौथ्या मजल्यावर ठेवा, तिथे माझी एक खोली रिकामी पडलीय. हसून हसून सलूनवाल्याला ठसका लागला. फोन तसाच उघडा. तीच तुझी बावन्न मिनिटं.

मशीनची बातमी आली की आम्ही आधीच बाकावर सावरून बसतो. परवा त्यानं नगरपालिकेच्या कारंज्याला निवडणुकीत उभं केलं होतं. छत्तीस मिनिटं.

बातमीदार बाईंचं काय वाचायचं? पाणी मंगळवारी येणार, म्हणजे मंगळवारी येणार. ऐकलं, समजलं, पुढे.

तर टाळ्या मिळाल्या असतील तर अर्ध्या इकडे पाठव.

तुझा गूढ वाचक


१७ मार्च

आजी,

काका, इथून पुढचं हळू वाचा. जमल्यास आजीच्या कानात.

वाचन थांबवा. हात जोडते, थांबवा.

मी तुला खोटं लिहिलं होतं. आवृत्त्यांची क्रमवारी आधीच तयार आहे, तळाच्या बंद होणार आणि तुमचं गाव तळापासून दुसरं आहे. मला वाटलं, चार लोकांनी ॲप घेतलं तर मी आकडे दाखवून ते नाव वर ढकलीन. पण झालं भलतंच. माझ्या त्या सादरीकरणावरून साहेबांनी निर्णय घेतला की तुमचा वाचक मशीनच्या बातम्यांवर खूश आहे आणि फोनवर खूश आहे. मग त्याला बातमीदार कशाला? आणि कागद कशाला? बातमीदार बाईंना एप्रिलअखेर निरोप. छापील आवृत्तीही तेव्हाच बंद. तुमच्या पानाचा नमुना बाकी वीस गावांत वापरणार.

हे सगळं माझ्या टाळ्यांमुळे झालं. आता उठून कसं सांगू की आपलं भविष्य म्हणजे बाकावर बसून हसणारी अकरा म्हातारी माणसं? मला कामावरून काढतील. न सांगावं तर तुझा स्टॉल मीच उठवला असं होईल.

बाबांना यातलं काही कळवू नकोस.

टिटवी


२५ मार्च

टिटवे,

"कानात वाचा" हे काना-मात्रांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं आणि मग तोंडाला कुलूप लावलं. अकरा माणसांच्या समोर असं पत्र अर्ध्यात मिटलं तर काय होणार? कंट्रोलरांनी पत्रच हिसकावलं. शेवटी सगळं सगळ्यांसमोर वाचलं गेलं. आणि नेमकी त्याच वेळी तुमची बातमीदार बाई स्कूटर लावून आम्हाला पाण्याचं विचारायला आलेली. हेल्मेट काखेत धरून तिनं स्वतःचा निरोप उभ्या उभ्या ऐकला. (मला ती दिसली नव्हती. दिसली असती तरी मजकूर तोच होता. तरी मला वाईट वाटलं. — लेखनिक)

ती रडली नाही, भांडली नाही. हेल्मेट डोक्यावर घातलं, काढलं, परत घातलं. मग म्हणाली, "मावशी, माझ्या बातम्या तुम्ही दोन मिनिटांत बंद करता?"

म्हटलं, "अगं, त्या समजतात म्हणून!"

तिच्या तोंडाकडे बघवेना. म्हणून आम्ही ठरवलं की मशीनची बातमी उघडायचीच नाही आणि हिची उघडून बसायचं, तासभर. तुझं ते यंत्र काय समजायचं ते समजो.

दुसऱ्या दिवशी बसलो. पाणी मंगळवारी येणार. काना-मात्रांनी वाचलं. शांतता.

कंट्रोलर म्हणाले, "कळलं. आता?"

"आता अठ्ठावन्न मिनिटं गप्प बसा."

"कशावर?"

"पाण्यावर!"

पाचव्या मिनिटाला सलूनवाला घोरायला लागला. दहाव्याला धाकट्या जावेनं विचारलं, "मंगळवार कधी आहे?" पंधराव्या मिनिटाला मीच फोन बंद करायला लावला. मला ते जमेना, टिटवे. दीड मथळ्याला खोकणारी बाई मी. न वाचणाऱ्याला वाचतोय असं दाखवायचं म्हणजे माझ्याच धंद्याशी बेइमानी.

आणि मग शनिवारचं झालं. ते मी हसत सांगू शकत नाही, जमेल तसं सांगते.

मशीननं कंट्रोलरांना मारलं. त्यांच्याच नावाचा कुणी दुसरीकडे गेला असेल, तर तुमच्या मशीननं बातमी आमच्या पानावर टाकून वर फोटो आमच्या माणसाचा चिकटवला. आठ वाजता वाचली. अर्थातच हसलो. स्वतः कंट्रोलर सर्वांत जास्त. "मेल्यावर केस छान दिसतायत," म्हणाले. तास-सव्वा तास चाललं. तुझा ग्राफसाहेब उभा राहिला असेल.

दुपारी त्यांची बहीण आली. सहा तास बसमध्ये बसून. तिनंही बातमी फोनवरच पाहिली होती, यांचा फोन नेहमीप्रमाणे घरी गादीखाली. पिशवी हातात, डोळे सुजलेले. कंट्रोलर बाकावर चहा पीत होते. तिनं त्यांना बघितलं, आधी एक सणसणीत थोबाडीत दिली आणि मग गळ्यात पडली ती सुटेचना. कंट्रोलर आयुष्यात पहिल्यांदा हळू बोलले.

तेव्हापासून बाकावर मशीनला कुणी हसलेलं नाही.

तुला कामावरून काढतील अशी भीती आहे. काढतील कदाचित. मी खोटं कशाला सांगू, तूच पुरेसं सांगतेस. पण उभी राहा आणि बोल. स्टॉल जायचा तर खरं बोलून जाऊ दे.

आजी


४ एप्रिल

आजी,

बोलले.

सोमवारच्या बैठकीत उभी राहिले आणि सगळं सांगितलं: बाक, अकरा माणसं, एक फोन, समुद्र, कंट्रोलर, त्यांची बहीण.  

ग्राफसाहेबांनी पडद्यावर तुमच्या गावाचा आकडा उघडला. मग म्हणाले, "अकरा?"

मी म्हटलं, "हो सर."

"एका फोनमागे अकरा?" आणि त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे आपले वाचक अकरापट आहेत!"

आजी, मी कपाळावर हात मारला. खरोखर मारला, सगळ्यांसमोर.

काढलं नाही मला. उलट ते स्वतः तुमच्याकडे येतायत, तो "बाक-नमुना" बघायला. पुढच्या आठवड्यात. त्यांच्याशी नीट बोल. म्हणजे तुझ्यासारखं बोलू नकोस.

टिटवी


१५ एप्रिल

टिटवे,

आला होता तुझा साहेब. वाईट माणूस नाही गं. बूट फार चकचकीत, बाकी ठीक.

आठला पाच कमी असताना मोठी गाडी थांबली. उतरला, बाकाचा फोटो काढला, आमचा काढला, फोनचा काढला. म्हटलं, "बसा." तर बसायला गेला ती नेमकी थोरल्या जावेची जागा. ती समोर उभी राहिली, काही बोलली नाही. तिला बोलायची गरजच पडत नाही. साहेब उठून कडेला बसले, अर्धे बाकावर, अर्धे हवेत.

कंट्रोलर पुढे आले, हात पुढे केला. "मी तुमच्या पेपरातला मयत."

साहेबांनी हात हातात घेतला खरा, पण सोडावा की धरावा हे त्यांना कळेना.

कंट्रोलर म्हणाले, "एक विचारू? माझ्या जाण्यावर लोक किती वेळ थांबले?"

साहेबांनी खिशातून फोन काढला, बघितलं. सवय हो. "एक तास अठरा मिनिटं," म्हणाले.

"आणि मागच्या महिन्यात माझा सत्कार झाला ती बातमी बाईंनी लिहिली होती, तिच्यावर?"

परत बघितलं. "एक मिनिट... चाळीस सेकंद."

"बघा," कंट्रोलर म्हणाले. "माझी बहीण सहा तास थांबली होती, बसमध्ये. ते तुमच्यात कुठे दिसतं?"

साहेब फोनवर बोट फिरवत राहिले. वर, खाली, वर. मग फोन पालथा करून मांडीवर ठेवला. कुणी काही बोललं नाही. अगदी मीसुद्धा नाही, काना-मात्रा साक्षीला आहेत. (खरं आहे. मी घड्याळ लावलं होतं. — लेखनिक)

मग विषय बदलायला त्यांनी मला विचारलं, "मावशी, इतकं वाचता, तुमची दृष्टी चांगली आहे. तुम्हाला काय वाचायला आवडतं?"

म्हटलं, "मला वाचता येत नाही."

"म्हणजे चष्मा..."

"चष्मा नाही, अक्षर. शिकलेच नाही."

टिटवे, तो माणूस माझ्याकडे बघायचा थांबेना. अख्ख्या कंपनीतला सर्वांत मोठा वाचक समोर बसलेला, आणि त्याला अ सुद्धा येत नाही.  शेवटी विचारलं, "मग तुम्हाला पेपर कशाला हवा?"

हे कुणी मला आजवर विचारलं नव्हतं. तुझ्या बापानंही नाही. म्हटलं, "साहेब, पेपरमुळे सकाळी माणसं माझ्यापर्यंत येतात. एकमेकांना सांगतात, एकमेकांची चूक काढतात, मग कामाला लागतात. छापलेलं असलं की माणूस म्हणतो, हे कुणीतरी बघून लिहिलंय, पाय मोडेपर्यंत फिरून लिहिलंय, चुकलं तर त्याच्या दारात जाऊन भांडता येईल. तुमच्या मशीनच्या दारात जायचं तर कुठे जाऊ? पत्ता द्या."

साहेबांनी खिशातलं स्वतःचं कार्ड अर्धवट काढलं आणि परत ठेवलं.

बातमीदार बाई बाजूला उभी होती. साहेबांना मी म्हटलं, "हिचं दार आहे. शाळेमागे, निळं. तिथे मी स्वतः दोनदा भांडून आलेय."

जाताना साहेबांनी सवयीनं फोन बघितला आणि म्हणाले, "पन्नास मिनिटं झाली." आणि स्वतःच ओशाळले.

आता जे होईल ते होईल. तू जेव.

आजी


२ मे

आजी,

निर्णय झाला. अर्धा तुझ्या बाजूनं.

बातमीदार बाई राहतायत. मशीननं लिहिलेलं काहीही आता त्यांनी तपासल्याशिवाय तुमच्या पानावर जाणार नाही, आणि बाकी वीस गावांतही तसंच. साहेबांनी स्वतः लिहून काढलं. कंट्रोलरांची माफी पहिल्या पानावर येणार.

पण रोजचा छापील पेपर बंद. मी भांडले, आजी. खरंच भांडले, साहेबही माझ्या बाजूनं बोलले. पण वर रंगवाले बसलेत, त्यांना कागद परवडत नाही म्हणे. फक्त रविवारी निघेल, आठवड्याचा एकत्र. पहिला अंक ११ तारखेला.

एका पेपरवर, आठवड्यातून एकदा, स्टॉल कसा चालेल? मला उत्तर सुचत नाही. बाबांना कळलंय. त्यांचा फोन आला होता, आनंद लपवत होते पण लपत नव्हता. रविवारीच तुला न्यायला येतायत, गाडी घेऊन. सामान बांधून ठेव म्हणालेत.

मला माफ कर.

टिटवी


११ मे, रविवार

टिटवे,

माफी मागू नकोस, तू मागायला लागलीस की चार ठिकाणी मागतेस.

गाडी आज साडेसहालाच आली. ड्रायव्हरला मी आधीच सांगितलं होतं, नेहमीच्या तिप्पट गठ्ठा टाक. तो म्हणाला, "मावशी, रद्दीचा धंदा काढताय का?" म्हटलं, "टाक आणि बघ." अंक भलताच जाडजूड आहे, हातात घेतला तेव्हा मनगटाला कळलं. सोमवार ते शनिवार जे फोनवर ऐकलं ते छापलंय का, कसं छापलंय, हे बघायला बाकाचे अकराही जण सहाला हजर. शिवाय कंट्रोलरांनी अख्ख्या बसस्टँडला सांगून ठेवलं होतं की पहिल्या पानावर आपण जिवंत आहोत. ड्रायव्हरांनी घेतले, कंडक्टरांनी घेतले, बहिणीसाठी त्यांनी स्वतः पाच घेतले. आता तळाला थोडे उरलेत.

बाकीचे सहा दिवस काय, हा तुझा प्रश्न. बाकीचे सहा दिवस फोन वाचू. ऐकणारा माणूस कोरडा बसत नाही, म्हणून चहाचा मोठा थर्मास घेतलाय. मला काही अवघड वाटत नाही. अवघड होतं ते तुझ्या बापाला सांगणं.

तो आठ वाजता आला. आज वाचन बातमीदार बाई स्वतः करतेय, म्हणून काना-मात्रांचा हात रिकामा आहे आणि मी त्यांच्याकडून हे लिहून घेतेय. वाचन ऐन रंगात होतं. हिनं कंट्रोलरांची मुलाखत घेतलीय, मेल्यावर कसं वाटतं म्हणून. तुझा बाप गाडीची किल्ली बोटाभोवती फिरवत पुढ्यात उभा राहिला आणि भर वाक्यात म्हणाला, "आई, चल. सामान कुठंय?"

मी तोंड उघडायच्या आत बाकावरचे सगळे एकदम म्हणाले, "शू!"

त्याला असं कुणी शाळेनंतर केलेलं नसावं. त्यानं किल्ली मुठीत धरली. थोरल्या जावेनं साडी आवरून वीतभर जागा केली. तिनं! तो बसला. म्हटलं, पान संपलं की सांगीन याला, सरळ सांगीन. पहिलं पान संपलं. तो उठला नाही. कंट्रोलरांची बहीण थोबाडीत देते तिथे तर तो इतक्या मोठ्यानं हसला की मला त्याच्या लहानपणचा आवाज ऐकू आला. दुसरं पान संपलं. किल्ली खिशात गेली. मी हळूच म्हटलं, "बाळा, मी येणार नाही. रविवारी तू येत जा."

त्यानं चहाचा कप पुढे केला, परत भरून द्यायला.

आता तिसरं पान सुरू होतंय, तेव्हा हे पत्र इथेच सोडते. मोठ्यानं सांगितल्याशिवाय काना-मात्रांना ऐकू जात नाही, आणि शेजारी तुझा बाप माझ्या कोपराला ढोसून म्हणतोय, "आई, जरा हळू बोल ना. ऐकू दे."